भरताच्या वांग्यावर मिसो

चंपाषष्ठीला घरी भरीत-रोडगा होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा धाकट्या भावाने आग्रह धरला म्हणून आई, तो आणि मी असे तिघे जळगावात नव्याने सुरू झालेल्या एका जपानी फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. आई धुळ्याकडची, घरात अहिराणी बोलणारी, आणि शाकाहार तिने आजवर एकदाही मोडलेला नाही; त्यामुळे तिथे तिला खाण्याजोगे काय मिळेल, याची काळजी मला रिक्षात बसल्यापासूनच लागली होती.

मेन्यूत मिसो सूपच्या पुढे हिरवा ठिपका होता. मिसो हा सोयाबीन, मीठ आणि कोजी नावाची बुरशी चढवलेले धान्य एकत्र मुरवून केलेला लगदा असतो, त्यात खरोखरच मांसाहारी काही नसते. प्रश्न असतो तो ज्या पाण्यात तो कालवतात त्या पाण्याचा. ‘दाशी’ नावाचे हे पाणी बहुतेक वेळा कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरावर वाळवून किसलेला मासा, यांचे असते. वाढणाऱ्या मुलाला विचारले, तर तो एवढेच म्हणाला, “मॅडम, व्हेजच आहे.” माझे समाधान झाले नाही, म्हणून मी शेफना बोलावण्याची विनंती केली. ते लगेच आले आणि त्यांनी सांगितले, की त्यांची दाशी फक्त कोंबू आणि वाळवलेल्या शिताके अळिंब्यांची आहे. जपानमधल्या बौद्ध मठांतल्या शाकाहारी स्वयंपाकात पूर्वापार अशीच करतात. कोंबू ते रात्रभर गार पाण्यात भिजत ठेवतात, उकळत नाहीत. याच कोंबूच्या पाण्यातून १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने त्याला चव देणारा घटक, ग्लुटामेट, वेगळा काढला आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. आईने सूप शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मात्र जी माहिती शेफना बाहेर येऊन सांगावी लागली, ती मेन्यूत एका ओळीत छापलेली असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपल्या भागातली निम्मी टेबले हाच प्रश्न मनात घेऊन बसलेली असतात.

सुशीने मात्र निराशा केली. ‘खान्देशी रोल’ या नावाने जे आले, त्यात भाताच्या गुंडाळीवर मेयोनीज आणि त्यावर शेवभाजीची तिखट शेव पसरलेली होती. शेव टेबलावर येईपर्यंत मऊ पडली होती, आणि भात फ्रिजमधून काढल्यासारखा गार आणि टणक होता. सुशीच्या भाताला व्हिनेगर, साखर आणि मीठ लावतात आणि तो साधारण अंगाइतका कोमट असतानाच खायचा असतो. थंडीने त्यातला स्टार्च आवळतो आणि दाणा कडक होतो. शेवेला रस्सा लागतो, आणि तोही ऐन वेळी. या ताटलीत ना शेवेचा विचार झाला होता, ना भाताचा.

भावाने करी-राइस मागवला होता आणि तो त्याने आवडीने संपवला. जपानमध्ये करी आली ती मेजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजांच्या मार्फत. पुढे तोक्योतल्या नाकामुराया या दुकानाने १९२७ साली भारतीय पद्धतीची करी देण्यास सुरुवात केली, ती त्या घराचे जावई, क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे. तेम्पुराची, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळण्याची, पद्धतही सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडून आलेली. परक्याचे घेऊन आपलेसे करण्याची ही सवय जपानी स्वयंपाकात इतकी जुनी असताना, जळगावच्या कच्च्या केळ्याचा तेम्पुरा चांगला व्हावा यात मला नवल वाटले नाही. बर्फाच्या पाण्यात जेमतेम कालवलेल्या मैद्याचे आवरण कागदासारखे पातळ होते, आणि आतला केळ्याचा काप बटाट्यासारखा भुसभुशीत शिजला होता.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसले, तो पदार्थ यानंतर आला. ‘नासू देंगाकु’ म्हणजे वांगे उभे चिरून, भाजून, वर गोडसर मिसो माखून पुन्हा आचेखाली धरलेले. देंगाकु मूळचे काडीला टोचलेल्या टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे. भातलावणीच्या वेळच्या नाचात एका काठीवर तोल सांभाळणाऱ्या कलावंतांवरून ते नाव पडले. इथे शेफनी जांभळ्या वांग्याऐवजी आपले भरताचे पांढरट हिरवे, कमी बियांचे वांगे घेतले होते. गर चमच्याने सुटून येत होता, मिसोची कड किंचित करपली होती, वर तिळाऐवजी भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरडा होता, आणि बाजूला कळण्याच्या भाकरीचे कडक भाजलेले तुकडे. ज्वारी-उडदाची ती खारट, खरपूस भाकरी मिसोच्या गोडव्याला इतकी नेमकी पुरी पडत होती, की ही जोडी आजवर कुणाला कशी सुचली नाही, असे वाटून गेले.

आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “हाई ते आपलंच वांगं शे.” मग थोडे थांबून तिने विचारले, की भाजले कशावर. शेफ पुन्हा टेबलापाशी आले होते. गॅसच्या शेगडीवर, असे त्यांनी सांगितले. आईने मान हलवली. वांगे पऱ्हाटीवर भाजायला हवे होते, कपाशीच्या काड्यांचा धूर सालीतून आत शिरल्याशिवाय ते बोलत नाही, असे तिने त्यांना समजावून सांगितले, आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतले. पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पऱ्हाटी पेटवणे शक्य नाही, पण मागच्या अंगणात आठवड्यातून एक दिवस भाजून आणता येईल, असे ते म्हणाले. मामांच्या शेतातली कपाशी यंदा उपटून झाली आहे. काड्यांच्या दोन मोळ्या बाजूला ठेवायला आईने त्याच रात्री मामांना फोन करून सांगितले.