तुम्ही विचारलंत म्हणून: बंद पडलेली फिएट चालू कशी करायची?

"काकू, आमच्याकडेही एक पडलीय हो. चालू होईल का?"

आमची फिएट इंदूरच्या रामबागेतून पुन्हा फिरायला लागल्यापासून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर, बँकेच्या रांगेत, कुठेही गाठतो. कुणाच्या अंगणात ॲम्बॅसडर असते, कुणाकडे पद्मिनी, एकांकडे तर स्टँडर्ड हेरल्ड निघाली. विचारणारं कुणी मेकॅनिक नसतं. मीही नव्हते. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पान्यांना नंबर असतात हे निवृत्तीनंतर कळलं.

तर उत्तर: बहुतेक होईल. पण आधी मला सांगा, चावी फिरवून पाहिलीत का? नसेल, तर फिरवू नका. इतकी वर्षं पडून गाडीचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं पहिल्याच रविवारी चार हौशी माणसं जमली की होतं. नवी बॅटरी येते, टाकीत दोन लिटर पेट्रोल ओतलं जातं, सेल्फ मारमार मारला जातो, आणि नाहीच झाली तर गल्लीतली पोरं बोलावून धक्का. झाली तर टाळ्या, आणि टाळ्या वाजत असतानाच लक्षात येतं की ब्रेक लागत नाहीत.

आमची गाडी म्हणजे मामेसासऱ्यांची १९६९ ची फिएट ११०० डिलाइट. ते गेल्यापासून वाड्याच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली होती. इंदुरात जुनी गाडी म्हटलं की लोक लगेच महाराज यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्ग या विलायती गाडीवर जातात. ती कुठे आणि ही कुठे! महाराजांच्या माणिकबाग राजवाड्यातच आता केंद्राच्या जीएसटीचं ऑफिस झालंय. आपली फिएट मध्यमवर्गाची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही डिलाइट बनायला लागली आणि पुढे थोड्याफार बदलांनी हीच पद्मिनी झाली. नवशिक्याच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट एकच: मुंबईत काळीपिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. मुंबईत ऑपेरा हाउसला नवे, कुर्ल्याच्या भंगारात जुने. सकाळी फोन केला की संध्याकाळच्या मुंबई-इंदूर अवंतिका एक्सप्रेसने कुणी ना कुणी येणारं सापडतं. तुमच्याकडे एखादी दुर्मिळ विलायती गाडी असेल तर माझा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. तिथे प्रश्न कामाचा नसतो, पार्टचा असतो.

आमच्या उस्तादांनी, म्हणजे मेकॅनिकनी, पहिल्या दिवशी बॉनेट उघडलंच नाही. चाकाशी जाऊन बसले. मी म्हटलं, इंजिन बघा ना आधी. तर म्हणाले, "मैडम, चलना छोड़ो, पहले रुकना देखते हैं।"

मला तेव्हा राग आला होता, आता मी तेच सगळ्यांना सांगते. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांचा मिळून एकच मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा. म्हणजे एका चाकापाशी गळलं की चारही ब्रेक गेले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. गाडी उभी असली तरी हे चालूच असतं, आणि आतल्या आत सिलिंडरला गंज चढतो. आमच्या मागच्या डाव्या चाकाचा ड्रम लाकडी हातोडीने ठोकून ठोकून निघाला. आत व्हील सिलिंडर, म्हणजे अंगठ्याएवढी लोखंडी नळी, तिच्यात दोन्ही टोकांना पिस्टन. दोन्ही जाम. रबरी टोपी सोलली तर तपकिरी चिखल निघाला. पिस्टन काढून आतून बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. "इसमें किट डालोगे तो दो महीने चलेगी," उस्ताद म्हणाले. किट म्हणजे नवी रबरं. आत खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नवी रबरं घातली की ती घासून पुन्हा गळतात. तेव्हा चारही चाकांचे सिलिंडर नवे, मास्टर सिलिंडर नवा, आणि रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्या, त्याही नव्या. होज बाहेरून धडधाकट दिसतात पण आतून फुगलेले असतात. दाबल्यावर ब्रेक लागतो आणि सुटायचं नाव घेत नाही. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्यांत, ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू तर मुळीच नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा.

ब्रेक झाल्यावर पेट्रोल. टाकीत उरलेलं पेट्रोल हे पेट्रोल राहिलेलं नसतं. त्यातला उडून जाणारा भाग उडून गेलेला असतो, उरलेलं हवेशी लागून घट्ट होतं. आमच्या टाकीतून जे निघालं ते गुळाच्या पाकासारखं, आणि वास जुन्या वॉर्निशचा. हे नव्या पेट्रोलमध्ये मिसळून इंजिनात गेलं तर कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाची, बारीक छिद्रं बुजतात, आणि इंजिन गरम होऊन पुन्हा गार झालं की व्हॉल्व्हसुद्धा आपल्या जागी चिकटून बसू शकतात. म्हणून टाकी खाली उतरवून घ्या. हे काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि कोपऱ्यातल्या देवापुढच्या निरांजनापर्यंतसुद्धा पोचते. टाकीला भोक असेल तर ती रिकामी आहे म्हणून वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, कारण ती वाफेने भरलेली असते.

पहिल्यांदा चालू करताना उस्तादांनी टाकी जोडलीच नाही. बॉनेटच्या कडेला एक छोटा पत्र्याचा डबा टांगला, त्याच्या बुडाला नळी, मध्ये फिल्टर, आणि पेट्रोल वरून खाली आपोआप कार्बोरेटरमध्ये. यात टाकी, पाइप आणि पंप तिन्ही बाजूला पडतात. गाडी चालू झाली नाही तर दोष पेट्रोलचा नाही एवढं नक्की कळतं. हे करताना अग्निशामक सिलिंडर हाताशी हवाच, वाळूची बादली चालत नाही.

इंजिन मोकळं आहे का, हे सेल्फने बघायचं नाही, हाताने बघायचं. चारही प्लग काढा, भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडा आणि राहू द्या. घाई नको. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असतील तर ऑइल झिरपून सुटायला वेळ लागतो. जोर केलात तर रिंग तुटते. मग इंजिनाच्या पुढच्या, क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हळूच फिरवायचं. आमचं आधी इवलंसं हललं, मग अडलं, उस्तादांनी उलट फिरवलं, पुन्हा सुलट, आणि मग एकदाचं पूर्ण फिरलं. त्यानंतर जुनं ऑइल काढून नवं, फिल्टर नवा, आणि प्लग बाहेरच ठेवून सेल्फ, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. म्हणजे धडधड सुरू व्हायच्या आधी बेअरिंगांपर्यंत ऑइल पोचलेलं असतं. हे इतकं सोपं आहे, फुकट आहे, आणि कुणीही करत नाही.

करंटचं काम त्या मानाने गमतीचं. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या भागाचं, टोपण काढलं की आत दोन इवलेसे पॉइंट असतात, ते उघडतात-मिटतात आणि त्यावर ठिणगी. पडून राहिले की त्यांच्यावर पांढुरका थर चढतो, करंट जात नाही, आणि लोक कॉइल बदलत बसतात. बारीक पॉलिश पेपरची एक पट्टी मधून ओढायची, मग स्वच्छ कागद ओढायचा, फिलर गेजच्या पातळ मापपट्टीने अंतर लावायचं. कंडेन्सर मात्र नवा टाका, स्वस्त असतो. प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांच्यावर कागदी चिठ्ठ्या चिकटवा. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. वायरींची अदलाबदल झाली की गाडी चालू व्हायच्या ऐवजी कार्बोरेटरमधून फटाके वाजवते.

चालू झाली तेव्हा आधी दोनदा खोकली आणि सायलेन्सरमधून उंदरांनी जमवलेला कापूस, कागद आणि शेंगांची टरफलं असं सगळं तुळशीवृंदावनावर उडालं. मागोमाग इतका धूर की शेजारच्या वहिनी बादली घेऊन धावल्या. तो धूर आपण सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा असतो, थोड्या वेळाने विरतो. विरला नाही तर रिंगा गेल्या समजा.

आणि इथेच लोक गाडी घेऊन सराफ्यात खायला जातात. थांबा. फिएटच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे. एकदा जास्त तापलं की वाकतं, गॅस्केट जातं, आणि मग खरा खर्च. रेडिएटर उलट्या बाजूने पाणी सोडून धुवा, सगळे होज बदला, आणि बोअरचं पाणी घालू नका. इंदुरात नळाला नर्मदा आली १९७८ मध्ये, पण कित्येक घरांत अजून बोअरच चालते, आणि त्या पाण्याचे थर तुम्ही गीझरच्या कॉइलवर पाहिलेच असतील. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, बस्स.

दुसरं, पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९६९ च्या रबराने इथेनॉल कधी पाहिलेलं नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, सील सगळं फुगतं किंवा कडक होतं. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या मागून घ्या. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने गाडी भरल्या टाकीने उभी ठेवू नका. पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडं हलकं होतं, तेव्हा गाडी झटके देत असेल तर कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, एक नंबर मोठा लावून बघायला सांगा.

कागदांचं थोडक्यात. पन्नास वर्षांवरच्या गाडीला जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. फी २० हजार, नोंदणी दहा वर्षांची. चॅसी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला छान आहे, पण मग ती गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. रविवारी सकाळी छप्पन दुकानवर पोहे खायला नाही नेता येत. आम्ही म्हणून साधं नूतनीकरणच घेतलं, फिटनेस करून पाच-पाच वर्षांचं. ज्यांना गाडी दाखवायची आहे त्यांनी व्हिंटेज करावी, ज्यांना बसायचं आहे त्यांनी करू नये, असं माझं स्पष्ट मत.

रंग कधी काढणार, हेही विचारतात. नाही काढणार. बॉनेटवर मामेसासऱ्यांच्या कोपराने झिजलेला एक पट्टा आहे, तेवढ्या भागात खालचा प्रायमर दिसतो. डीलर मंडळींना तो खुपतो.

राहिला उस्तादांचा नंबर. तो मी देत नाही, कारण तुम्हाला तुमच्या गावातला माणूस हवा, ब्रेक गळला की संध्याकाळी येणारा. इंदुरात असाल तर सरवटे बस स्टँडजवळ छोटी ग्वालटोलीत जा आणि पार्टच्या दुकानांत एवढंच विचारा: फिएटचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, कानाने कोण लावतं? दोन-तीन दुकानांतून एकच नाव ऐकू आलं तर त्याच्याकडे जा. आल्या आल्या त्याने चावी मागितली, तर चहा पाजा आणि परत पाठवा.