मावशीला पर्वतावर न्यायचं होतं

कोल्हापूरच्या मावशीचं माहेरचं कुलदैवत म्हणजे गोव्यातल्या पारोड्याजवळच्या पर्वतावरचा चंद्रेश्वर भूतनाथ. लग्न होऊन गेल्यापासून तिचं वर जाणं झालं नव्हतं. यंदा जानेवारीत ती मडगावला आमच्याकडे आली आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "एकदा वर नेऊन आण गं मला." मावशी ७४ वर्षांची, आणि आईचे दोन्ही गुडघे बदललेले.

ज्या सहलीच्या बसची चौकशी केली ती जुनं गोवं, मंगेशी, शांतादुर्गा करून परतणारी होती. म्हणून स्वतंत्र गाडी शोधायला लागले. पहिल्या एजंटाने दर सांगितला तो 'पॉइंट'वर: एका ठिकाणी पाऊण तास, पुढे थांबलात तर वेटिंग वेगळं. देवापुढे बसलेल्या मावशीला घड्याळ दाखवून उठवायचं, हे मला करायचंच नव्हतं. नाही म्हणून सांगितलं. मग शेजाऱ्यांच्या ओळखीचे एक ड्रायव्हर मिळाले, पारोड्याकडचेच. त्यांना सरळ विचारलं, "बाब, तासांवर येणार का?" ठरलं: ८ तास, ८० किलोमीटर, त्यापुढे लागेल त्या प्रत्येक तासाचे अमुक पैसे. तो आकडा आधीच बोलून घेतला आणि मोबाइलवर लिहूनही पाठवला. हे फार बरं झालं.

माझ्या कागदावर सात ठिकाणं होती. चांदोरचे जुने वाडे, पर्वत, केपेचा डीनचा वाडा, जांबावली, रिवणची लेणी, उसगाळीमळ, फातर्पा. ड्रायव्हरबाबांनी कागद वाचला आणि विचारलं, "म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या चढायला किती वेळ लागणार, ते धरलंय का यात?" धरलंच नव्हतं. मग त्यांच्यासोबत बसून दोनच वेळा पक्क्या केल्या. सकाळी आठाच्या आत वर पोहोचायचं, कारण ऊन चढलं की अनवाणी पायांना फरशी सोसत नाही. आणि दुपारी देऊळ बंद व्हायच्या आत जांबावली. बाकी सगळं जमलं तर. सोमवार आणि पौर्णिमा गर्दीसाठी टाळली, एवढं मात्र मला आपणहून सुचलं होतं.

गाडी बरीच वर जाते, पण शेवटी पायऱ्या आहेतच. मी प्लास्टिकचं घडीचं स्टूल घेतलं होतं. दहा-बारा पायऱ्या झाल्या की स्टूल मांडायचं, मावशी बसायची, मग आई. मागून पिशव्या घेऊन येणारे ड्रायव्हरबाबा म्हणाले, "घाय करूं नाकात, हांव आसां." घाई करू नका, मी आहे. त्या एका वाक्याने मावशीचा श्वास खाली बसला.

पौर्णिमेचं चांदणं लिंगावर पडलं की त्याला पाझर फुटतो, अशी इथली श्रद्धा. मावशीने ती लहानपणी आजीकडून ऐकलेली. गाभाऱ्यासमोर ती हात जोडून बसली ती बराच वेळ उठलीच नाही. नंतर बाहेरच्या कट्ट्यावर वाऱ्यात उभी राहून खालची शेतं बघत होती. चांदोर कुठे असेल ते मी बोटाने दाखवलं. भोज राजांची जुनी राजधानी चंद्रपूर म्हणजे हेच चांदोर, हे तिला ठाऊक होतं. आम्हा गोव्यातल्या मुलांनाच ते सांगावं लागतं. वर दोन तास गेले. चांदोर, केपे आणि फातर्पा मी तिथेच कागदावरून खोडले आणि त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

जांबावलीला दामोदराचं दर्शन वेळेत झालं. देव मूळचा आमच्या मडगावचा, पोर्तुगीज काळात इकडे हलवलेला. अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासाच्या, ओसरीवर विचारून बसलो, पोळ्या, बटाट्याची भाजी, बाटलीतली सोलकढी. दोघी बहिणी तासभर तिथेच आडव्या झाल्या. लेणी या झोपेत गेली.

चारनंतर उसगाळीमळला पोहोचलो. कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या सपाट कातळात कोरलेली ही चित्रं १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेला आली. पावसाळ्यात नदी चढते, तेव्हा त्या दिवसांत हा बेत करूच नये. आधी आम्हाला नुसता काळपट दगड दिसला. तिथल्या एका काकांनी बाटलीतलं पाणी एका रेघेत हळूच सोडलं. पाणी वळत वळत गेलं, वशिंड आलं, शिंगं आली, आणि मावशी ओरडली, "अगं, बैल!" तिरप्या उन्हात मग गोल गोल फिरणारा चक्रव्यूहही स्पष्ट दिसला. आई कडेला स्टुलावर बसूनच सगळं बघत होती.

परतताना पारोड्याला मावशीने गाडी थांबवायला सांगितली. खालून डोंगर बघितला, नमस्कार केला. घरी पोहोचलो तेव्हा ठरल्यापेक्षा दोन तास जास्त झाले होते. लिहून ठेवलेल्या दराने पैसे दिले, कुणी एक शब्द वाढवला नाही. मावशीने प्रसादाच्या नारळाचं अर्धं भकल ड्रायव्हरबाबांच्या हातात ठेवलं आणि त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करत ती फाटकाशीच उभी राहिली.