कास्तकारांचे सातबारे गिटमध्ये जाऊ नयेत म्हणून

दारव्हा तालुक्यात तुरीचा काटा सुरू झाला की माझ्या लॅपटॉपवर कागदपत्रांचे फोटो जमायला लागतात. सातबारा, आधार कार्ड, पासबुकाचं पहिलं पान. आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी खरेदीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर लिहिते. कोड गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत असतो, आणि ही कागदपत्रं तिथं कधीच जाता कामा नयेत. म्हणून नवीन प्रोजेक्टमध्ये माझी पहिली फाइल डॉट-गिटइग्नोर असते: गिटनं कोणत्या फाइली वगळायच्या त्याची यादी. कोड नंतर.

गिट ज्या फाइलची नोंद एकदा ठेवायला लागलं, तिला ही यादी लागूच होत नाही. माझ्याकडे काम शिकणाऱ्या गावातल्या एका पोरानं परवा विचारलं, "ताई, नाव तं टाकलं ना यादीत, मंग हे काऊन दिसून राह्यलं?" फाइल आधीच्या एका कमिटमध्ये, म्हणजे गिटनं जपलेल्या बदलांच्या एका टप्प्यात गेली होती, म्हणून. त्यावर 'गिट आरएम --कॅश्ड' चालवायचं. फाइल डिस्कवर राहते, गिटच्या नोंदीतून निघते, आणि पुढच्या कमिटपासून यादी तिला लागू होते. पण जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते. तिथून काढायची तर सगळा इतिहास नव्यानं लिहावा लागतो, आणि तोवर कोणी क्लोन केलं असेल, म्हणजे सगळा प्रोजेक्ट उतरवून घेतला असेल, तर ती प्रत त्याच्याकडे राहतेच. त्या दिवशी ती साधी लॉगची फाइल होती. पासवर्ड बाहेर गेला तर बदलता येतो. कास्तकाराचा आधार क्रमांक जन्मभराचा असतो.

कागदपत्रांच्या फोल्डरचं नाव 'अपलोड्स'. यादीत मी 'अपलोड्स/' लिहिते, सुरुवातीला तिरकी रेघ न देता. रेघ दिली की फक्त मुळातलं फोल्डर वगळलं जातं. न दिली तर त्या नावाचं फोल्डर कितीही आत असलं तरी वगळलं जातं. पोरं तपासणीसाठी आतमध्ये कुठंही प्रत करून ठेवतात, त्यामुळे मला ही दुसरी पद्धतच हवी असते.

इथं एक अडचण येते. गिट रिकामं फोल्डर ठेवत नाही, म्हणून त्यात 'डॉट-गिटकीप' नावाची रिकामी फाइल टाकायची पद्धत आहे. ती तेवढी आत घ्यायला पुढच्या ओळीत '!' लावून तिचं नाव लिहिलं, तरी काही होत नाही. अख्खं फोल्डर वगळलं की गिट त्याच्या आत डोकावतच नाही. अशा वेळी 'अपलोड्स/*' लिहायचं आणि मग '!' ची ओळ. मी त्या भानगडीत पडत नाही. फोल्डर नसेल तर प्रोग्रामच ते तयार करतो.

एक्सेलमध्ये यादी उघडी असली की '~$' नं सुरू होणारी लपलेली फाइल तयार होते, तीही वगळते. मात्र मॅक आपोआप बनवतो ती 'डॉट-डीएस-स्टोअर' फाइल किंवा आपल्या एडिटरचा पसारा प्रोजेक्टच्या यादीत घालणं मला पटत नाही. तो ज्याच्या त्याच्या मशीनचा पसारा; त्यासाठी गिटची 'कोअर डॉट एक्सक्लूड्सफाइल' ही सेटिंग आहे, तिनं आपल्या मशीनपुरती वेगळी यादी लावता येते. फक्त या प्रोजेक्टपुरत्या माझ्या खासगी टिपणांना 'डॉट-गिट' फोल्डरमधली 'इन्फो/एक्सक्लूड' ही फाइल.

'नोड-मॉड्यूल्स', म्हणजे बाहेरून उतरवलेल्या तयार कोडचं फोल्डर, हेही यादीत; त्याबद्दल जास्त सांगायला नको. इथं नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट आणि रोजचा दीड जीबी. त्यात हजारो फाइली वर चढवायला लागलात तर दुपारपर्यंत पॅक संपतो, आणि मध्येच लाइन गेली तर टॉवरही डुलक्या घेतो.

एखादी फाइल का वगळली जातेय ते कळत नसेल, तर 'गिट चेक-इग्नोर -व्ही' आणि पुढे फाइलचं नाव. कोणत्या फाइलमधल्या कितव्या ओळीनं अडवलं ते सरळ दिसतं. हे पोरांना मी पहिल्याच आठवड्यात शिकवते, कारण एकापेक्षा जास्त ओळी जुळल्या तर शेवटची ओळ चालते आणि नुसतं वाचून ते पटकन ध्यानात येत नाही.

एवढं करूनही फाइल जबरीनं आत घेणारं 'गिट ॲड -एफ' मारलं की यादी बाजूला राहते. म्हणून कमिटच्या आधी चालणारा एक छोटा हुक, म्हणजे गिट आपोआप चालवतं तो प्रोग्राम लिहिला आहे: कमिटमध्ये फोटो, पीडीएफ किंवा सलग बारा आकडे दिसले की कमिट अडवतो. हुक क्लोनसोबत येत नाहीत. ते प्रोजेक्टमधल्याच एका फोल्डरात ठेवून 'कोअर डॉट हुक्सपाथ' मध्ये त्या फोल्डरचा पत्ता प्रत्येक मशीनवर लावावा लागतो. पोरांच्या लॅपटॉपवर तो मी शेजारी बसून लावून घेतला, आणि खोटा बारा आकडी नंबर टाकून कमिट अडतं का तेही त्यांच्याकडूनच तपासून घेतलं.