पिशवीच्या तळाची स्ट्रिप

सकाळी अकराच्या सुमारास लॅबमधून फोन आला. "मॅडम, तुमच्या पेशंटचं सीरम पांढरं आलंय, अगदी दुधासारखं. अमायलेज नॉर्मल दाखवतंय, पण मला त्याचा भरवसा वाटत नाही."

त्या टेक्निशियनचे उपकार मी विसरणार नाही. अमायलेज म्हणजे स्वादुपिंडाला सूज आली की रक्तात वाढणारं एन्झाइम. रक्तात चरबी एवढी असली की ते खोटं नॉर्मल येऊ शकतं, आणि पोट दुखतंय म्हणून आलेला माणूस निर्धास्तपणे घरी पाठवला जातो. त्याच सुजेची दुसरी चाचणी, लायपेज, करायला सांगितलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, आली १८९०. ते १५०च्या आत हवं; हजाराच्या पुढे गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती.

पेशंट पन्नाशीचे, एचआयव्हीचं निदान जुनं. सुरुवातीच्या औषधांत खंड पडला होता, विषाणू त्यांना जुमानेनासा झाला, म्हणून लोपिनाविर-रिटोनाविर या एचआयव्हीच्या दुसऱ्या गोळीवर आले. तेव्हापासून एक डोस चुकवलेला नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, इतका कमी की चाचणीत सापडत नाही. दर भेटीला मी तो आकडा बघून शाबासकी द्यायचे. लिपिड, म्हणजे चरबीची तपासणी, शेवटचं कधी केलं, हे फाइल उलटल्यावर कळलं. दोन वर्षांपूर्वी, ४२०. शेजारी माझ्याच अक्षरात 'पुन्हा बघू'.

लायपेज नॉर्मल आलं, सोनोग्राफीतही स्वादुपिंड ठीक. जीव भांड्यात पडला. पण गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ८.२, म्हणजे मधुमेहही आहे आणि कुणाला पत्ता नाही. रोज संध्याकाळी दारू होते, हेही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी पहिल्यांदा विचारलं होतं, हेही खरं.

"घेता ती सगळी औषधं टेबलावर काढा," म्हटलं. ओळखीच्या डब्या आल्या. मग पिशवीच्या तळातून एक न फोडलेली स्ट्रिप: सिमवास्टॅटिन. बाहेर कुठे तरी तपासणीत चरबी वाढलेली दिसली, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली.

"एचआयव्हीची औषधं चालू आहेत, हे त्यांना सांगितलंत?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "ओळखीचे आहेत ते. म्हणून नाही सांगितलं."

"किती घेतल्यात?"

"आज रात्रीपासून घ्यायच्या होत्या."

सिमवास्टॅटिन ज्या यकृतातल्या एन्झाइममुळे शरीराबाहेर जातं, तेच रिटोनाविर बंद पाडतं. मग त्याची रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते, स्नायू झिजून तुटू लागतात आणि तो कचरा मूत्रपिंडात अडकतो. लिहून देणाऱ्या डॉक्टरांची चूक म्हणवत नाही. त्यांना दिसलेल्या चित्रात ती गोळी बरोबरच होती.

एवढं समजावल्यावर मला ज्याची धास्ती होती तोच प्रश्न आला. "म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्याच वाईट. थोडे दिवस बंद करू?"

इथे शब्द जपून वापरावे लागतात. गोळीनं चरबी वाढवली, हे लपवायचं नव्हतं. पण गोळी एकटी दोषी नव्हती. विषाणू स्वतःही ट्रायग्लिसराइड वाढवतो. वर साखर होती, दारू होती. "बंद नाही, बदलू," म्हटलं. एचआयव्हीची बाकीची दोन औषधं, टेनोफोविर आणि लॅमिव्ह्यूडिन, तशीच ठेवून लोपिनाविर-रिटोनाविरच्या जागी डोल्युटेग्राविर, जे चरबीच्या वाटेला फारसं जात नाही. जुनी औषधं का फसली, ते कागद आधी नीट वाचले. सोबत ट्रायग्लिसराइड उतरवायला फेनोफायब्रेट, दारू पूर्ण बंद, काही आठवडे आहारात तेल-तूप अगदी नावाला. साखरेसाठी मेटफॉर्मिन, पण दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नाही, कारण डोल्युटेग्राविर त्याची पातळी वाढवतं.

आठ आठवड्यांनी ट्रायग्लिसराइड ३१०, पण मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन ०.९ वरून १.२. क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवलं, फेनोफायब्रेट आणि डोल्युटेग्राविर दोन्ही मूत्रपिंडाला इजा न करताही हा आकडा थोडा वर नेतात. लघवीत प्रथिनं नव्हती. औषधं चालू ठेवली, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं. स्थिर.

सिमवास्टॅटिनच्या गटातलं औषध, म्हणजे स्टॅटिन, मात्र मी टाळलं नाही. ट्रायग्लिसराइड उतरल्यानं स्वादुपिंड वाचतं, हृदयाचं काम राहतंच. २०२३ मध्ये आलेल्या रिप्रीव्ह अभ्यासात, एचआयव्हीसह जगणाऱ्या ७७६९ लोकांत, रोज ४ मिलिग्रॅम पिटावास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. तेच दिलं.

निघताना मी औषधांची यादी लिहून दिली. कुठल्याही डॉक्टरकडे आधी ही दाखवा, म्हटलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "आजाराचं नाव नाहीये यात."

"नाही. पण डॉक्टर असेल त्याला कळेल."

ते जरा वेळ गप्प बसले. मग कागदाची बारीक घडी करून पाकिटात आतल्या कप्प्यात सरकवली आणि विचारलं, "ओळखीच्या डॉक्टरांऐवजी अनोळखी गाठला, तर चालेल ना?"

चालेल, म्हटलं.