ऐकू येतं, पण कळत नाही: आयल्ट्सच्या लिसनिंगबद्दल थोडं

माझ्याकडे आयल्ट्सच्या, म्हणजे इंग्रजी किती येतं हे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या, तयारीसाठी येणाऱ्यांचं एक गाऱ्हाणं ठरलेलं असतं: "मॅडम, रोज एक मॉक टेस्ट सोडवतोय, तरी लिसनिंगचा बँड हलत नाही." लिसनिंग म्हणजे ऐकण्याचा पेपर, आणि बँड म्हणजे त्यात मिळणारी श्रेणी. मला त्या मेहनतीचं फार वाईट वाटतं. टेस्ट सोडवून आपण कुठे आहोत ते कळतं. कान तयार व्हायला मात्र वेगळंच काम करावं लागतं, आणि ते कुणी सांगितलेलंच नसतं.

परीक्षेचं स्वरूप बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात सांगते. चार भाग, 40 प्रश्न, साधारण 30 मिनिटं, आणि सगळं एकदाच ऐकवतात. परीक्षेचा प्रकार अकॅडेमिक असो की जनरल ट्रेनिंग, लिसनिंगचा पेपर सारखाच. 40 पैकी 30 च्या आसपास बरोबर आले की 7 बँड, 35 च्या आसपास 8. म्हणजे 7 वरून 8 वर जायला पाचच उत्तरं जास्त लागतात. ही पाच उत्तरं कुठे निसटतात, ते शोधायचं.

त्यासाठी मी सगळ्यांना एकच व्यायाम देते: श्रुतलेखन. शाळेत बाई सांगायच्या आणि आपण लिहायचो, तेच. ट्रान्सक्रिप्ट मिळेल असा दीड-दोन मिनिटांचा तुकडा घ्यायचा. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर असं भरपूर आहे, टेडच्या भाषणांनाही ट्रान्सक्रिप्ट असते. आधी नुसतं ऐकायचं, विषय काय ते समजून घ्यायचं. मग एकेक वाक्य थांबवून शब्दन् शब्द लिहायचा. नाही कळलं तर परत लावायचं, आणि परत. तरीही नाही कळलं तर जागा मोकळी सोडून पुढे जायचं. ट्रान्सक्रिप्ट अगदी शेवटी उघडायची आणि आपल्या कागदाशेजारी ठेवून लाल पेनाने खुणा करायच्या.

या लाल खुणा बघताना मला आजही तितकीच उत्सुकता वाटते, कारण दर वेळी एकच गोष्ट समोर येते. सुटलेले शब्द अवघड नसतातच. 'एन्व्हायर्न्मेंट' बरोबर ऐकलेला असतो, सुटलेले असतात 'ऑफ', 'हॅव', 'टू', 'हिम'. 'आय शुड हॅव टोल्ड हिम' हे वाक्य वाचून कुणालाही कळतं. बोलणारा मात्र 'आय शुडव् टोल्डिम' असं काहीसं म्हणून पुढे गेलेला असतो. 'हॅव'चा नुसता 'व्' उरला, 'हिम'मधला 'ह' गेला. आपण पाच शब्दांची वाट बघत बसतो आणि कानावर तीनच पडतात.

इंग्रजी बोलताना वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि बाकीचे शब्द मधल्या जागेत दाबून बसवले जातात. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो, म्हणून तीच अपेक्षा घेऊन इंग्रजी ऐकतो. पण जोडून बोलणं आपल्याला नवीन नाही. 'कुठे चालला आहेस' असं आपण तरी कधी म्हणतो? 'कुठं चाललायस' म्हणतो. पुस्तकातून मराठी शिकलेला माणूस तिथे अडकेल, आपण अडकत नाही, कारण हे जोडलेलं रूप आपल्या कानांनी हजारो वेळा ऐकलंय. इंग्रजीतली जोडलेली रूपंही अशीच, जाणूनबुजून ऐकून, कानात बसवावी लागतात.

म्हणून लाल खूण केलेलं वाक्य तिथेच सोडायचं नाही. ते पुन्हा लावायचं आणि बोलणाऱ्याच्या बरोबरीने, त्याच वेगात आणि त्याच चढउतारात मोठ्याने म्हणायचं. आपल्या तोंडून 'शुडव्' सहज निघायला लागला की तो कानालाही लवकर ओळखू येतो. हा माझा ठाम अनुभव आहे. वेग कमी करून ऐकलं तरी चालेल, पण शेवटचं ऐकणं मूळ वेगातच हवं. सबटायटल लावून मालिका बघणं मात्र मी या सरावात धरत नाही. तिथे डोळे काम करतात आणि कानांना सुट्टी मिळते.

उच्चारांचीही भीती असते. परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, उत्तर अमेरिकेतले, सगळे आवाज येऊ शकतात. न्यूझीलंडच्या माणसाचा 'पेन' आपल्याला 'पिन'सारखा ऐकू येतो, अमेरिकन माणूस 'वॉटर'मधला 'ट' 'ड'कडे झुकवतो. एकाच देशाचे आवाज ऐकत राहू नका, एवढंच.

आकड्यांसाठी मात्र वेगळा वेळ काढाच. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांत जोर कुठे आहे ते ऐका, असं सगळीकडे सांगतात. पण 'थर्टीन पीपल' म्हणताना जोर पुष्कळदा पहिल्या भागावर सरकतो आणि हा नियम दगा देतो. शेवटचा 'न' आणि त्याआधीचा लांब 'ई' पकडायला शिका. फोन नंबरमध्ये शून्याला 'ओ' म्हणतात आणि 'डबल सेव्हन'ही येतं. स्पेलिंग सांगताना 'ए', 'ई' आणि 'आय' यांचा गोंधळ होतो, 'जी' आणि 'जे'चाही.

पहिल्या भागात एक सापळा हमखास असतो. कुणीतरी म्हणतं, मंगळवारी भेटू, आणि लगेच, अरे नाही, मंगळवारी मला जमणार नाही, गुरुवारी या. पहिला वार लिहून निर्धास्त झालेल्याचा तो प्रश्न गेला. 'अ‍ॅक्च्युअली', 'बट', 'इन्स्टेड' कानावर पडले की पेन्सिल पुन्हा उचलायची.

चौथा भाग म्हणजे एकाच माणसाचं व्याख्यान, आणि त्यात मध्ये विश्रांती नसते. तिथे एक उत्तर निसटलं की माणूस त्याच्यातच गुंतून पडतो आणि पुढची दोन ऐकतच नाही. निसटलं ते निसटलं. नजर तेव्हाच पुढच्या प्रश्नावर गेली पाहिजे, आणि याचा सराव घरी करता येतो: टेस्ट लावा, मुद्दाम एक प्रश्न सोडून द्या आणि पुढचा पकडा.

कॉम्प्युटरवर परीक्षा असेल तर शेवटी तपासायला 2 मिनिटं मिळतात. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला 10 मिनिटं असत, त्या हिशेबाने लिहिलेले जुने सल्ले पाळू नका. त्या 2 मिनिटांत अनेकवचनाचा 's' राहिलाय का ते बघा, स्पेलिंग बघा (ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही चालतात) आणि शब्दमर्यादा बघा. दोनच शब्द सांगितलेत आणि तुम्ही तीन लिहिलेत, तर बरोबर ऐकूनही गुण मिळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी ठेवू नका.