हिरवी कणीक

निळी आणि पिवळी, इपॉक्सी पुट्टीच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून येतात. मळल्या की हिरव्या होतात, म्हणून नाव पडलं ग्रीन स्टफ. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या आसपास टेबलावरच्या युद्धखेळांसाठी धातूचे जे असंख्य बुटके, ऑर्क नावाचे राक्षस आणि जादूगार ओतले गेले, त्यांतल्या कित्येकांचा मूळ नमुना या हिरव्या कणकेचाच होता. आता बरंचसं काम संगणकावर होतं. पण ज्याला आपल्या मनातला एकच बुटका हवा आहे, त्याला अजूनही दोन बोटं, एक सुई आणि भरपूर सबुरी पुरते.

मळायच्या आधी एक काम असतं. दोन पट्ट्या जिथे एकमेकींना टेकलेल्या असतात, तिथे पाकिटातच थोडी पुट्टी आळून बसते. मधली ती दीड-दोन मिलिमीटरची किनार ब्लेडने कापून फेकायची. हात आखडून तीही मळून टाकली, तर बारीक खडे राहतात, आणि भातातला खडा जसा पाहुण्याच्याच घासात यायचा तसा हा खडा नाकाच्या शेंड्यावरच येतो.

घ्यायची वाटाण्याएवढी. नीट काम करण्याजोगी ती दीडेक तासच राहते, त्यामुळे जास्त मळली की वायाच. निम्मी निळी, निम्मी पिवळी हे नेहमीचं प्रमाण. पिवळी थोडी वाढवली की गोळा मऊ आणि चिकट होतो, चेहऱ्याला बरा. निळी वाढवली की लवकर आणि कडक आळतो, कमरपट्ट्यांच्या नि चिलखताच्या कडांना चांगला. रंग एकसारखा होईपर्यंत मळायचं. मध्ये निळी-पिवळी रेघ राहिली, तर तेवढी जागा आठवडाभरानेही बोटाला चिकटते. हातात पातळ मोजे घालावेत. कच्च्या इपॉक्सीने काहींच्या कातडीला कायमची ॲलर्जी जडते. आणि कोरणी जिभेला लावून ओली करायची जुनी खोड तर सोडलेलीच बरी, शेजारी पाण्याची वाटी असतेच.

नवशिक्याला बुटका करायला सांगतात, त्यात जरा लबाडी आहे. पोटापर्यंत दाढी आली की हनुवटी, मान, गळा, सगळी अवघड ठिकाणं तिच्याखाली जातात. या खेळांतला माणूस 28 मिलिमीटरचा म्हणतात तेव्हा बहुधा तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजतात; बुटका त्याहून बराच ठेंगणा. एक मिलिमीटरच्या आतबाहेरची तार वाकवून पाय आणि कणा करायचा, आणि खालची टोकं बाटलीच्या बुचात खोचायची. आता बूच धरायचं, बुटक्याला हात लावायचा नाही. गुळगुळीत तारेवर पुट्टी पकड घेत नाही, तारेभोवती गोल फिरते. म्हणून आधी नुसता पातळ थर फासून रात्रभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर पोट-छाती भरायची. या भरावाला गळक्या नळाची एम-सीलसुद्धा चालते. चेहऱ्याला मात्र नको, ती रवाळ असते आणि घाईने आळते.

चेहरा म्हणजे आंबेमोहोराचा एक दाणा. डोक्यासाठी आधीच वाळवलेल्या गोळीवर मोहरीएवढी ताजी पुट्टी चढवायची आणि वीस-पंचवीस मिनिटं उठून जायचं. हे उठून जाणंच जमत नाही. ताजी पुट्टी रबरासारखी असते, दाबलं की हळूहळू परत वर येते. थोडी आळल्यावर ती दिलेला आकार धरू लागते. मग गोल टोकाच्या कोरणीने दोन खळगे दाबायचे. नाक वेगळं करावं लागत नाही, खळग्यांच्या मधे जे उरतं ते नाक. खळग्यांत खसखशीएवढ्या दोन गोळ्या बसवायच्या आणि सुईने पापण्यांच्या कडा ओढायच्या. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि सरावलेल्या हाताने होते. इथे ती सुरुवातीलाच येऊन बसते, कारण नंतर भुवया नि दाढी आली की सुई आत शिरत नाही. एक डोळा दुसऱ्यापेक्षा केसभर वर गेला तरी बुटका दारू प्यालेला दिसतो. आरशात धरून पाहिलं की ते लगेच कळतं.

दाढीचं उलटं. बहुतेकजण गोळा लावतात आणि लगेच केस ओरखडायला घेतात. मग हनुवटीला केरसुणी बांधल्यासारखी दिसते. आधी मोठ्या चार-पाच बटा करायच्या, मुळाकडून टोकाकडे, प्रत्येकीचं वळण वेगळं. अर्धा तास गेल्यावर बटांच्या पोटबटा, आणि केस अगदी शेवटी, तेही सगळीकडे नाहीत. कोरणी पाण्यात बुडवत राहायची, नाहीतर पुट्टी तिच्याबरोबर उचलून येते.

कुऱ्हाडीचं पातं या पुट्टीचं करू नये. आळली तरी ती किंचित लवचिक राहते. कानस लावली की पृष्ठभाग खरखरीत होतो. वेल्समध्ये बनणारी मिलिपुट ही दुसरी पुट्टी वाळल्यावर दगडासारखी घासता येते, पण नुसती मिलिपुट बारीक टोकाला ठिसूळ. दोन्ही निम्मी-निम्मी मळली की पात्याला पुरेशी धार येते. घाईच असेल तर टेबललॅम्पच्या उबेत आळण्याचा वेळ बराच कमी होतो, आणि उरलेली पट्टी फ्रीजरमध्ये टिकते.

इतके दिवस तो हिरवा, कुठे एम-सीलचा करडा ठिपका, कुठे मिलिपुटमुळे फिकट. डोळा त्या रंगांतच अडकून राहतो आणि आकार पाहतच नाही. रंगाआधीच्या राखाडी प्रायमरचा एक पातळ फवारा बसला की सगळं एकाच रंगाचं होतं, आणि बुटक्याच्या पाठीवर, अंगरख्याच्या दोन चुण्यांच्या मधे, अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला दिसतो.