रोहिरिमांच्या समाध्यांच्या दोन रांगा

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांच्या कल्पित जगातील समाजांपैकी मला सर्वांत जवळचे वाटतात ते रोहिरिम, म्हणजे गवताळ प्रदेशातील घोडेस्वारांचे राष्ट्र. तिसऱ्या युगाच्या २५१० या वर्षी उत्तरेकडचा तरुण एओर्ल आपले स्वार घेऊन ऐन संकटात गोंडोर या राज्याच्या मदतीला धावून गेला आणि त्या उपकाराची फेड म्हणून गोंडोरच्या कारभाऱ्याने ओस पडलेला तो विस्तीर्ण मुलूख त्याच्या लोकांना वसायला दिला.

हे लोक ग्रंथ लिहीत नाहीत, पूर्वजांची आठवण गाण्यांतून जपतात. म्हणूनच एदोरास या राजधानीच्या पायथ्याशी असलेल्या राजांच्या समाध्या मला त्यांच्या बखरीसारख्या वाटतात. एका रांगेत नऊ हिरव्या टेकड्या आहेत, दुसरीत सात होत्या आणि राजा थेओडेन रणात पडल्यावर तिथे आठवी उभी राहिली. नववा राजा हेल्म आणि त्याचे दोन्ही मुलगे २७५८-५९ च्या आक्रमणात व दीर्घ हिवाळ्यात गेले, गादी त्याच्या भाच्याकडे आली आणि वंशाची शाखा बदलली म्हणून समाध्यांची रांगही बदलली. एका घराण्याचे दुःख जमिनीच्या उंचवट्यांतून असे वाचता येते, हे मला फार हृद्य वाटते. त्या टेकड्यांवर बारमाही पांढरी फुले उमलतात आणि त्या फुलांच्या नावाचा अर्थच 'नित्य स्मरण' असा आहे.

ऑक्सफर्डमध्ये १९२५ पासून अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुनी इंग्रजी, शिकवणाऱ्या टोल्किन यांनी रोहिरिमांना त्याच भाषेतील नावे दिली. 'थेओडेन' या शब्दाचा त्या भाषेतील अर्थही 'लोकांचा राजा' असाच आहे.